हातात धरून लांबचा फोटो: टेलिफोटो लेन्स घेण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी उरकली, नाथसागराचं, म्हणजे पैठणच्या जायकवाडी जलाशयाचं, पाणी उतरायला लागलं आणि गाळपेरीच्या कडेला चक्रवाकांच्या जोड्या दिसू लागल्या, की माझा फोन सुरू होतो. परभणीहून, लातूरहून, अंबाजोगाईहून. प्रश्न एकच असतो: "सर, सहाशेची घेऊ का?" म्हणजे ६०० एमएमची, लांबचं जवळ दाखवणारी टेलिफोटो लेन्स. पैठण माझ्या घरापासून तासाभराच्या वाटेवर आहे. मी ट्रायपॉड वापरत नाही, कारण बांधावरून, मोटारसायकलवरून आणि गुडघाभर चिखलातून फिरताना तो उघडेपर्यंत पक्षी पलीकडच्या तालुक्यात गेलेला असतो. म्हणून खालचं सगळं हातात धरून फोटो काढणाऱ्यांसाठी आहे.

किती एमएमची लेन्स घेतली म्हणजे पक्षी फ्रेममध्ये भरतो?

अंदाजाने बोलण्यापेक्षा हिशेब करू, तो चौथीतल्या पोरालाही जमेल. सेन्सरची (कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या भागाची) रुंदी गुणिले पक्ष्याचं अंतर, भागिले फोकल लेंथ, म्हणजे लेन्सवरचा एमएमचा आकडा. जे येईल तेवढ्या रुंदीचा तुकडा तुमच्या फ्रेममध्ये मावतो. फुल फ्रेम, म्हणजे मोठा, सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद असतो. ६०० एमएम लेन्स लावून ६० मीटरवर नेम धरला, तर फ्रेममध्ये ३.६ मीटर रुंद आणि २.४ मीटर उंच एवढी जागा येते. सव्वा मीटर उंचीचा रोहित, म्हणजे आपला फ्लेमिंगो, त्यात निम्मी उंची व्यापतो. झकास फोटो.

आता लहान खंड्या घ्या. चोचीपासून शेपटीपर्यंत १६-१७ सेंटिमीटर. तो २० मीटरवर बसला असेल, तर त्याच ६०० एमएममधून १.२ मीटर रुंदीचा तुकडा दिसतो आणि खंड्या त्याचा जेमतेम सातवा हिस्सा. २४ मेगापिक्सेलच्या फोटोची रुंदी ६००० पिक्सेल असते, तेव्हा खंड्याच्या वाट्याला रुंदीत आठशेच्या आसपास पिक्सेल येतात. मोबाइलवर बघायला ठीक, भिंतीवर लावायला नाही. तोच खंड्या ८ मीटरवरून टिपला तर दोन हजार पिक्सेल मिळतात, लेन्स तीच. लोक ६०० वरून ८०० वर जायला लाखभर रुपये मोजायला तयार असतात. हे बारा मीटर कमी करायला दोन तास काटेरी बाभळीखाली बसायची मात्र तयारी नसते.

क्रॉप बॉडीवर ४०० ची ६०० होते म्हणतात. खरं का?

लेन्स ४०० चीच राहते. क्रॉप बॉडी म्हणजे लहान सेन्सरचा कॅमेरा. सेन्सर लहान असल्याने चित्राच्या कडा कापल्या जातात आणि मधला भाग मोठा वाटतो. किती पट मोठा वाटतो हा आकडा निकॉन, सोनी, फुजीत १.५, कॅननमध्ये १.६, आणखी लहान सेन्सरच्या मायक्रो फोर थर्ड्समध्ये २. वरच्या हिशेबात सेन्सरची रुंदी ३६ ऐवजी २३.५ घातली की तेच उत्तर येतं.

तरी फायदा खोटा नाही. २४ मेगापिक्सेलच्या क्रॉप बॉडीत सगळे पिक्सेल त्या मधल्या भागातच कोंबलेले असतात. ४५ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम फोटोतून तेवढाच भाग कापला, तर साधारण १९-२० मेगापिक्सेल उरतात. म्हणजे लांबच्या पक्ष्यासाठी स्वस्तातली क्रॉप बॉडी त्या महागड्या बॉडीच्या मागे पडत नाही. अंधार झाला की फुल फ्रेम पुढे जातं, तेही तुम्ही फ्रेम भरू शकलात तरच. बजेट आखडतं असेल तर माझं मत सरळ आहे: बॉडी क्रॉप घ्या आणि उरलेला पैसा लेन्समध्ये घाला.

माझ्याकडे ७०-३०० आहे. ४०० वर जाऊन काही फरक पडेल, की थेट ६०० च?

पक्ष्यावर पडणारे एकूण पिक्सेल फोकल लेंथच्या वर्गाने वाढतात. ३०० वरून ४०० ला पावणेदोन पट, ६०० ला चार पट. ५०० आणि ६०० मध्ये मात्र दीड पटही नाही. त्यामुळे ५०० असणाऱ्याने ६०० साठी जीव टाकू नये. ३०० असणाऱ्याला ४०० चांगलाच जाणवतो.

हातात किती वजन पेलतं?

कोणतीही लेन्स घेण्याआधी हा प्रश्न विचारा, तोही दुकानात उभं राहून नाही. दुकानात आपण लेन्स उचलतो, समोरच्या बोर्डावर फोकस करतो, अर्ध्या मिनिटात खाली ठेवतो आणि म्हणतो, काही जड नाही. घरी हे करून बघा. दोन लिटरची पाण्याची बाटली पूर्ण भरा. बॉडीसकट १५०-६०० हातात धरली की वजन याच्यापेक्षा जास्तच होतं. ती बाटली दोन्ही हातांनी डोळ्यासमोर धरा, मिनिटभर थांबा, खाली घ्या, दहा श्वास घ्या, पुन्हा उचला. असं वीस वेळा. बाराव्या वेळेला पाणी हलताना दिसायला लागतं. फोटोही तसाच हलणार असतो.

माझी पहिली मोठी लेन्स पावणेतीन किलोच्या पुढची होती. कौतुकाने घेतली. पहिल्याच हिवाळ्यात बीडकडच्या एका माळरानावर सकाळपासून भोवत्याची वाट बघत होतो. भोवत्या गवताच्या शेंड्यांवरून हेलकावे खात येतो आणि कधी कुठून येईल याचा नेम नसतो. साडेनऊपर्यंत माझ्या डाव्या मनगटाने हात टेकले होते. लेन्स बॅगवर आडवी ठेवून मी चहाचं थर्मास उघडलं, आणि नर भोवत्या, राखाडी, पंखांची टोकं काळी, माझ्यापासून वीस पावलांवरून गेला. हातात झाकण होतं. त्या दिवशी ४०० एमएमची सव्वा किलोची लेन्स गळ्यात असती, तर फोटो आला असता. पुढच्या उन्हाळ्यात मी ती जड लेन्स विकली.

साधारण माणसाला, रोज व्यायाम न करणाऱ्याला, दीड किलोपर्यंतची लेन्स तीन तास सुखाने वापरता येते. दोन किलोची चालते, पण सतत डोळ्याला लावून नाही, आणि टेकू शोधायची सवय लागते. अडीचच्या वर हातातली फोटोग्राफी म्हणजे तालीम.

नावं सांगा की राव. गोलमाल नको.

बरं. सगळी वजनं लेन्सची, बॉडी धरलेली नाही. एफचा आकडा म्हणजे अॅपर्चर, लेन्सचं प्रकाश आत घेणारं दार; आकडा लहान तितकं दार मोठं.

कॅननच्या मिररलेसवाल्यांना, म्हणजे आत आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांवाल्यांना, सगळ्यात हलका रस्ता म्हणजे आरएफ १००-४०० एफ/५.६-८, फक्त ६३५ ग्रॅम. ज्यांना पक्षी, लेकरांचे खेळ, शंकरपट, जत्रा सगळंच काढायचं आहे त्यांनी याच्यापुढे जाण्याआधी दोनदा विचार करावा. पैसा असेल तर आरएफ १००-५००, सुमारे १.३७ किलो, हातातल्या कामासाठी याच्याइतकी समतोल झूम मला दुसरी सापडलेली नाही. आरएफ ६०० एफ/११ ही ९३० ग्रॅमची आणि ८०० एफ/११ ही १.२६ किलोची, दोन्ही २०२० मध्ये आल्या. वजनाच्या मानाने पल्ला अफाट, पण अॅपर्चर एफ/११ वर कायमचं अडकलेलं. त्याचं काय होतं ते खाली सांगतो. आरएफ २००-८०० दोन किलोंच्या थोडी वर जाते.

निकॉनमध्ये झेड १८०-६०० ट्रायपॉडला जोडायची कॉलर काढून १.९५५ किलो भरते. झेड ४०० एफ/४.५ सव्वा किलोच्या आत, झेड ६०० एफ/६.३ सुद्धा दीड किलोच्या आत. ही ६०० बघून मला अजून पोटात दुखतं, इतकी ती छान आहे आणि इतकी ती महाग आहे. जुन्या, आरशाच्या डीएसएलआरवाल्यांसाठी २००-५०० एफ/५.६ आहे, २.३ किलो. ५०० एफ/५.६ पीएफ १.४६ किलो, ३०० एफ/४ पीएफ अवघी ७५५ ग्रॅम. या तिन्ही अडॅप्टर लावून निकॉनच्या मिररलेसवरही ऑटोफोकससकट चालतात, म्हणून आज मिररलेस नसला तरी त्या फुकट जात नाहीत.

सोनीची २००-६०० ही २.११५ किलो. सिग्माची १५०-६०० कंटेम्पररी १.९३ किलो, टॅमरॉनची जी२ साधारण दोन. मायक्रो फोर थर्ड्समध्ये पॅनासॉनिकची १००-३०० अर्ध्या किलोच्या जरा वर, आणि दृश्य ६०० चं देते. आपल्याकडे ही सिस्टिम फार कमी लोक वापरतात. गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठांना मी हीच सुचवतो.

झूम की प्राइम?

प्राइम म्हणजे एकाच फोकल लेंथची लेन्स. एकच लेन्स असणार असेल तर झूम. काळविटांचा कळप समोर आला आणि तुमच्याकडे नुसतं ६०० असेल, तर शिंगं आणि कान घरी घेऊन याल. शिवाय पक्षी आधी लहान फोकल लेंथवर शोधून मग झूम करणं नवख्याला फार सोपं पडतं. ६०० च्या नळीतून आभाळात घार शोधणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई.

टेलिकन्व्हर्टर लावून काम भागेल का?

टेलिकन्व्हर्टर बॉडी आणि लेन्सच्या मध्ये बसतो आणि पल्ला वाढवतो. १.४ चा कन्व्हर्टर एक स्टॉप प्रकाश खातो, म्हणजे निम्मा, २ चा दोन स्टॉप. १००-४०० एफ/५.६ ची ५६० एफ/८ होते. लेन्सच्या चुकाही तेवढ्याच पटीने मोठ्या दिसतात. चांगल्या प्राइमवर १.४ जवळजवळ कळत नाही, एफ/६.३ च्या झूमवर लावला की एफ/९ होतो आणि बऱ्याच डीएसएलआरचा ऑटोफोकस मान टाकतो. मिररलेस फोकस करते, पण आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, चढतो. कॅननच्या आरएफ १००-५०० वर कन्व्हर्टर फक्त ३०० च्या पुढेच चालतो, आणि साध्या ७०-३०० वर कंपनीचा कन्व्हर्टर बहुधा बसतच नाही. लेन्सच्या पुढच्या काचेवर स्क्रूने बसवायचे "टेली अडॅप्टर" मिळतात, त्यांना हात लावू नका. माझ्या सुरुवातीच्या काळात एका दुकानदाराने माझ्या गळ्यात एक मारला होता. त्यातून बगळ्याला दोन कडा दिसायच्या, एक पांढरी आणि एक जांभळी.

शटर स्पीड किती ठेवू? लेन्सला स्टॅबिलायझेशन आहे.

स्टॅबिलायझेशन तुमचा हात थांबवतं. पक्षी थांबवत नाही. बसलेल्या टिटवीला १/२५० चालेल, चिखलात चालणाऱ्या शेकाट्याला १/८००, उडत्या पक्ष्याला १/२०००, वेडा राघू माशी पकडायला झेपावतो तेव्हा १/३२०० सुद्धा अपुरा पडतो. जुना नियम, शटर स्पीड निदान एक भागिले फोकल लेंथ, क्रॉपचा आकडा धरून. म्हणजे क्रॉपवर ४०० साठी १/६००. स्टॅबिलायझेशन असेल तर याच्या बरंच खाली जाता येतं, पण मग एक फोटो न काढता सलग दहा फोटोंचा बर्स्ट मारा, त्यात दोन-तीन शार्प निघतात. मी मॅन्युअलवर शटर आणि अॅपर्चर बांधून आयएसओ ऑटो ठेवतो. दाणे दिसणारा फोटो सुधारता येतो, हललेला येत नाही.

एफ/६.३ म्हणजे अंधारी लेन्स नाही का? मग एफ/११ चं काय?

आपल्याकडे ऊन भरपूर आहे, हे विसरू नका. खणखणीत उन्हात एफ/१६ ला शटर स्पीड १/आयएसओ हा जुना हिशेब लागू पडतो. आयएसओ ४०० ठेवला तर एफ/६.३ वर १/२५०० मिळतो, एफ/११ वर साधारण १/८००. नाथसागरावर जानेवारीतल्या सकाळी नऊ वाजता एफ/६.३ बद्दल तक्रार करायला जागाच नाही.

गोची सूर्योदयाच्या वेळची. प्रकाश चार स्टॉपने कमी धरा. एफ/६.३ ला १/१२५० हवा असेल तर आयएसओ ३२०० लागेल, जो आजचा कोणताही कॅमेरा पचवतो. एफ/११ ला त्याच वेळी दहा हजारांच्या घरात जावं लागेल. म्हणून एफ/११ वाल्या लेन्स उघड्या पाणवठ्यासाठी आणि माळासाठी ठीक. गौताळ्याच्या झाडीत किंवा येडशीच्या रामलिंग घाटात त्या घेऊन जाणं म्हणजे उपाशी परत येणं.

सकाळचे फोटो धारदार येतात, अकरानंतरचे मऊ. लेन्स खराब आहे का?

हा फोन मला मार्चपासून जूनपर्यंत आठवड्याला दोनदा येतो. लेन्स सर्व्हिसला पाठवून, कुरिअरचा खर्च करून "काही दोष आढळला नाही" अशी चिठ्ठी घेऊन आलेले दोघे तिघे मला माहीत आहेत. दोष हवेत आहे.

आपली जमीन काळी. ज्वारी-हरभरा निघाला की रान उघडं पडतं, तापतं, आणि त्याच्यावरची हवा थराथराने गरम होऊन हलायला लागते. गरम आणि थंड हवेतून प्रकाश वेगवेगळा वाकतो. नुसत्या डोळ्यांनी जे मृगजळ लांब रस्त्यावर दिसतं, तेच तुमच्या आणि काळविटाच्या मध्ये असतं, आणि ६०० एमएम ते ताणून मोठं करते. जितकं अंतर जास्त तितकी ही हलणारी हवा जास्त. म्हणजे जिथे तुम्हाला लांब लेन्सची खरी गरज वाटते, तिथेच ती कुचकामी ठरते. दीडशे मीटरवरच्या हरणाचा एप्रिलातल्या दुपारी शार्प फोटो जगातली कुठलीही लेन्स काढू शकत नाही.

खात्री करायची असेल तर ट्रायपॉडचीही गरज नाही. गाडीच्या छपरावर लेन्स टेकवून एकाच दगडाचे दहा फोटो काढा. दहाच्या दहा सारखे मऊ असतील तर फोकसची चूक. एकात डावी कड धारदार, दुसऱ्यात उजवी, तिसऱ्यात सगळंच वितळलेलं, असं दिसलं तर हवा. उपाय तीन: नऊच्या आत काम आटपा, अंतर कमी करा, आणि शक्य तेवढं उंचावरून टिपा, कारण जमिनीलगतचा थर सगळ्यात वाईट. गाडीतून काढत असाल तर इंजिन बंद, एसी बंद, काचा दहा मिनिटं आधीच खाली. बॉनेटवरून तर कधीच नाही.

लेन्स धरायची कशी?

डावा तळहात लेन्सखाली, शक्य तेवढा पुढे. कोपरं छातीला चिकटलेली. कॅमेरा कपाळाला घट्ट. श्वास अर्धा सोडून थांबा आणि बटण दाबू नका, पिळल्यासारखं हळू चेपा. उभं राहण्यापेक्षा उकिडवं, उकिडव्यापेक्षा मांडी घालून, कोपरं गुडघ्यावर. लिंबाच्या खोडाला खांदा टेकला तरी एक स्टॉप वाचतो.

आणि ज्वारीची पिशवी. जुन्या पँटचा पाय गुडघ्याखाली कापा, एक टोक शिवा, दीड किलो ज्वारी भरा, दुसरं टोक शिवा. मोटारसायकलच्या सीटवर, बांधावर, गाडीच्या खिडकीत ही ठेवून त्यावर लेन्स टेकवली की दोन किलोचं वजन गायब. वाळू भरू नका, ती शिवणीतून गळते आणि झूमच्या रिंगमध्ये जाते. ज्वारीला पावसाळ्यात किडे लागतात तेवढं बघा. आमच्या घरी एकदा पिशवीतून सोंडे बाहेर आले आणि सगळी फोटोग्राफीच घराबाहेर काढायचं फर्मान निघालं.

फुफाटा आणि पावसाळा यांचं काय?

झूम करताना नळी बाहेर येणाऱ्या लेन्स हवेबरोबर धूळही आत ओढतात. सोनीची २००-६०० आणि निकॉनची झेड १८०-६०० यांची लांबी झूम करताना बदलत नाही, हा आपल्या कच्च्या रस्त्यांवर मोठाच गुण. धूळ आधी ब्लोअरने उडवा, मग कापड. पावसाळ्यात लेन्स बॅगेत कोंडून ठेवू नका. झाकणाचा हवाबंद डबा, सिलिका जेल आणि एक आर्द्रतामापक, काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान.

सेकंडहँड घेऊ का?

अवश्य, पण दिवसा आणि हातात घेऊन. मोबाइलचा टॉर्च मागून मारून पुढून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. मी एकदा संध्याकाळी, ट्यूबलाइटखाली, घाईत एक लेन्स घेतली होती. घरी आल्यावर टॉर्च मारला तर आत नक्षीकाम. विकणाऱ्याने फोन उचलला नाही. धुळीचे दोन-चार कण असले तर दुर्लक्ष करा, फोटोत ते येत नाहीत. स्टॅबिलायझेशन चालू करून कानाशी लावा. हलकी गुणगुण चालेल, खडखड नको.

मोठा झूम असलेला ब्रिज कॅमेरा चालेल का? तो तर ३००० एमएम देतो.

ब्रिज म्हणजे लेन्स न बदलता येणारा कॅमेरा. निकॉन पी१००० बद्दल विचारताय. ३००० हा फुल फ्रेमच्या तुलनेतला आकडा, सेन्सर नखाएवढा, लांबच्या टोकाला एफ/८. भर उन्हात बसलेल्या पक्ष्याची ओळख पटवायला उत्तम, उडत्या पक्ष्याला नाही. वजनही १.४ किलो. चंद्र मात्र झकास येतो. तसा चंद्र ६०० एमएमवरही हातात धरून येतो. सेन्सरवर त्याचा व्यास फोकल लेंथच्या एकशेदहाव्या भागाएवढा, म्हणजे साडेपाच मिलिमीटर पडतो. एफ/११ आणि १/आयएसओपासून सुरुवात करा.

वेरूळ, अजिंठा, देवगिरीला मोठी लेन्स न्यावी का?

पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत ट्रायपॉडला आधी परवानगी लागते, त्यामुळे हातातलाच कारभार. कैलास लेण्याच्या वरच्या कडेवरून समोरची शिल्पं टिपायला ७०-३०० पुरते. देवगिरीवर वानरांपासून लेन्सचं हूड सांभाळा.

जवळ जायचं कसं ते तरी सांगा.

काळवीट चालत्या माणसाला शंभर मीटरवरून ओळखून पळतो. तोच काळवीट बैलगाडीकडे, ट्रॅक्टरकडे, कडबा नेणाऱ्या मोटारसायकलकडे मान वर करून बघतो आणि पुन्हा चरायला लागतो. त्यामुळे गाडीतून उतरू नका. सरळ त्याच्याकडे न जाता तिरके, थांबत थांबत जा. पाणवठ्यावर उजेडाच्या आधी येऊन बसा, मग पक्षीच तुमच्याकडे येतात. घरट्याजवळ जायचं नाही आणि मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलवायचा नाही. नाथसागर आणि पाटोद्याकडचं नायगाव मयूर अभयारण्य ही संरक्षित ठिकाणं आहेत, तिथे वनरक्षकाशी आधी बोला. बऱ्याचदा त्यांनाच माहीत असतं, पट्टकदंब आज कुठल्या अंगाला उतरलेत.

आणि मच्छीमारांशी बोला. गेल्या थंडीत एक मामा जाळं आवरताना माझ्या लेन्सकडे बघून म्हणाले, "सर, दुर्बिणीतून किती लांबचं दिसतं?" मी म्हणालो, "ते पलीकडचे रोहित जेमतेम दिसतात." ते हसले. "मग होडीत बसा की. ते आम्हाला भीत नाहीत." मी ज्वारीची पिशवी होडीच्या काठावर टाकली आणि १००-४०० घेऊन बसलो. मामांनी इंजिन लावलं नाही, वल्ह्याने नेलं, आणि चाळीस मीटरवर वल्हं पाण्यातून उचलून धरलं.